जरा हळू वाजवा!

हिंदी सिनेमात ड्रम वाजवणाऱ्याला नायिका मिळते. खऱ्या आयुष्यात त्याला टॅक्सीसुद्धा मिळत नाही. १९६६ साली आलेल्या ‘तीसरी मंझिल’मध्ये शम्मी कपूर रॉकी नावाचा ड्रमर झाला होता. मसुरीच्या हॉटेलात तो ड्रम बडवतो, मान झटकतो, आणि त्याच्यावर सूड उगवायला आलेली आशा पारेख शेवटी त्याच्याच प्रेमात पडते. पडद्यावरच्या या ड्रमरच्या काठ्या कधी तुटत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर गुडघ्यावर बसून लोखंडी स्टँडचे स्क्रू सोडवताना तो कधी दिसत नाही. त्या गाण्यांत खरे ड्रम वाजवणारा लेस्ली गोदिन्हो मुंबईतल्या स्टुडिओच्या एका कोपऱ्यात बसलेला होता. पोस्टरवर त्याचं नाव नव्हतं, आणि आशा पारेखला त्याच्यावर सूड उगवण्याची गरज कधी वाटली नाही.

आमचा एक मित्र या लेस्ली गोदिन्होच्या पंथातला. म्हणजे सेशन ड्रमर. त्याचा स्वतःचा बँड नाही, त्याच्या नावाचा कार्यक्रम नाही. फोन येतो, हा जातो, दुसऱ्याच्या गाण्यात वाजवतो, पाकीट घेतो, परत येतो. पाकीट ‘पुढच्या आठवड्यात’ असेल तर तसाच परत येतो. तुम्ही त्याला नक्की ऐकलेलं आहे. गणपतीत ऐकलंय, लग्नात ऐकलंय, सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या रिक्षात ऐकलंय. तो तोच होता, एवढंच तुम्हाला माहीत नाही.

त्याच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात तो ड्रम वाजवत होता आणि सगळं जग त्याला ‘जरा हळू’ म्हणत होतं. दुसऱ्या भागात तो काचेच्या पलीकडे जाऊन रेकॉर्डिस्ट झाला. आता तेच जग त्याला ‘जरा वाढवा’ म्हणतं. दोन्ही वेळा म्हणणारी माणसं बहुतेक तीच आहेत.

‘जरा हळू’ची सुरुवात घरापासून झाली. शेजारचा मुलगा तबला शिकतो म्हटलं की लोकांना त्याच्यावरचे संस्कार दिसतात. ड्रम शिकतो म्हटलं की सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय येतो. वास्तविक आवाजाच्या बाबतीत मराठी माणसाइतका सोशिक माणूस जगात दुसरा नसेल. विसर्जनाच्या मिरवणुकीत साठ ढोल आणि वीस ताशे छातीचा पिंजरा हलवतात तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणून ‘वातावरण काय झालंय!’ म्हणतो. तोच माणूस संध्याकाळी सात वाजता एका स्नेअर ड्रमसाठी दारावरची बेल वाजवतो. ढोल-ताशा ही संस्कृती आणि ड्रम हा उपद्रव, असा या महाराष्ट्राचा अलिखित निकाल आहे. शेवटी मित्रानं रबराच्या पॅडवर रियाज सुरू केला. हाताचा आवाज थांबला, पण पायाच्या पेडलची धप-धप जमिनीतून खाली जायची ती जायचीच. खालच्या काकूंना वाटलं, वर रोज खलबत्त्यात दाण्याचं कूट होतंय. त्यांनी तक्रार केली नाही. दिवाळीत मात्र लाडू आले नाहीत म्हणून त्या कायमच्या दुखावल्या.

आता ती टॅक्सी. बासरीवाला स्टुडिओत येतो तो शबनम खांद्याला लावून. व्हायोलिनवाला पेटी उघडतो, धनुष्याला राळ लावतो, तयार. गायक तर नुसता गळा घेऊन येतो आणि त्या गळ्यालाही मफलरमध्ये गुंडाळून त्याचीच कौतुकं चालतात. ड्रमरकडे एक बेस ड्रम, एक स्नेअर, दोन-तीन टॉम, हाय-हॅट, आणखी दोन-तीन सिंबल, त्या प्रत्येकाचा तीन पायांचा स्टँड, बसायचं स्टूल आणि हे सगळं बांधलेली दोरी. टॅक्सीवाला गाडीतूनच विचारतो, ‘‘शिफ्टिंग है क्या?’’ आणि उत्तराची वाट न बघता निघून जातो. मुंबईतली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी भावुक लेख छापले. पण खरं दुःख जुन्या ड्रमरना झालं असणार. तिच्या टपावर कॅरिअर होता आणि त्या कॅरिअरवर बेस ड्रम बसत होता. टॅक्सी मिळाली नाही की लोकलचा मालडबा. त्यात मासळीच्या पाट्यांशेजारी उभं राहून गेलेल्या स्नेअर ड्रमला दिवसभर बोंबलाचा वास यायचा. प्रेमगीताच्या रेकॉर्डिंगला काही गायिका अधूनमधून नाक मुरडत. ते वाजवण्यावर नव्हतं, असं मित्र अजून सांगतो.

एवढं ओझं एकट्या माणसाच्या गळ्यात कुणी घातलं, याचा एक इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. ड्रमसेट हे वाद्य म्हणून कुणी शोधलेलं नाही. ती नोकरकपात आहे. पूर्वी बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायला एक माणूस असे, छोटा वाजवायला दुसरा, झांजा आपटायला तिसरा. मग अमेरिकेत विल्यम लुडविग या ड्रमरनं १९०९ मध्ये पायानं मोठा ड्रम वाजवायचं चांगलं चालणारं पेडल बनवलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हात मोकळे राहतात. हात मोकळे राहिले आणि पाठोपाठ शेजारची दोन माणसंही कायमची मोकळी झाली. थिएटरच्या मालकांना एका पगारात तिघांचं काम मिळालं. त्यामुळे ‘मशिननं आमचं पोट मारलं’ असं एखादा ड्रमर म्हणतो तेव्हा त्याच्याशी संपूर्ण सहानुभूती ठेवून हेही लक्षात घ्यावं की तो स्वतः ज्यामागे बसून हे बोलतोय, ते यंत्र दोन माणसांच्या रिकाम्या खुर्च्यांवर उभं आहे.

मित्र या धंद्यात आला तेव्हा मुंबईतल्या जुन्या स्टुडिओंच्या कथा अजून कानावर पडत होत्या. ताडदेवचे फेमस आणि फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब, परळचं राजकमल. तिथली वादकमंडळी म्हणजे निम्मा गोवा आणि उरलेल्यात पारशी, बंगाली, मराठी. गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली, त्यामुळे समोर कागद ठेवला की वाजवायला तयार. पारशांकडे लॉर्ड नावाचं एक घराणंच होतं: वडील कावस तालवाद्यांत, धाकटा बुजी ड्रमवर, आणि थोरला केरसी कशावरही. ‘रूप तेरा मस्ताना’मधला तो अंगावर येणारा अ‍ॅकॉर्डियन केरसीचा. मराठी माणसं होती ती प्रामुख्यानं ठेक्याच्या बाजूला. राहुलदेव बर्मनकडे, म्हणजे पंचमकडे, तबल्यावर मारुतीराव कीर; अमृतराव काटकर रेसो-रेसोवर, म्हणजे त्या दातेरी वाद्यावर जे काडीनं घासून वाजवतात. शंकर-जयकिशनकडे ठेका सांभाळायला गोव्यात जन्मलेले दत्ताराम वाडकर. त्यांच्या ढोलकवरच्या चालीला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. मराठी माणसाच्या नावाचा चौक होतो, उड्डाणपूल होतो, मंडईसुद्धा होते. ठेका झालेला मला तरी हा एकच माहीत आहे, आणि खड्डे न पडलेलाही हा एकच.

या लोकांकडे काय वाजवायचं याला धरबंध नव्हता. ‘चुरा लिया है तुमने’ची सुरुवात काचेच्या पेल्यावरच्या टिणटिणीनं होते; ‘शोले’तल्या ‘मेहबूबा’त बाटल्यांच्या तोंडाशी फुंकर मारून आवाज काढलेत. घरी पेला वाजवला तर आई ओरडते, पंचमकडे वाजवला तर शिफ्टचे पैसे मिळतात. घराण्याची तालीम म्हणतात ती हीच असावी.

त्या काळी गाणं एका दमात व्हायचं. पन्नास-साठ वादक, गायक आणि सगळ्यांना मिळून थोडेसे माइक. तिसऱ्या कडव्यात कुणाची खुर्ची कुरकुरली की पुन्हा पहिल्यापासून. टेकच्या वेळी पंखे बंद, कारण त्यांची घरघर माइकमध्ये जाई. व्हायोलिनच्या ताफ्यात एकाचं बोट चुकलं तर ते बाकीच्यांत विरून जातं. ड्रमरची चूक मात्र जाहीर सभेत होते. आणि आवाज कमी-जास्त करायचा तर त्या दिवसांत प्रत्येक वाद्याला वेगळं बटण नव्हतं, खुर्ची होती. ज्याचा आवाज मोठा त्यानं माइकपासून लांब बसायचं. काचेमागून रेकॉर्डिस्ट म्हणे, ‘‘ड्रम जरा मागे घ्या.’’ ड्रमर मागे सरके. ‘‘अजून थोडं.’’ तो अजून सरके. गाणं हळुवार असेल तर तो दारापर्यंत पोचे. अंगाईगीत असेल तर त्याला घरीच पाठवत.

पुढे वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग करायची सोय आली आणि ड्रमरला काचेची स्वतंत्र खोली मिळाली. मान मिळाला असं त्याला वाटलं. ती त्याच्यासाठी नव्हती, उरलेल्या वादकांना त्याच्यापासून वाचवण्यासाठी होती. आमचा मित्र उमेदीची सगळी वर्षं या काचेच्या खोलीत बसला. बाहेर संगीतकार, अरेंजर, निर्माता आणि निर्मात्याचा मेहुणा यांची बोलणी चाललेली दिसत, ऐकू येत नसत. ओठांवरून त्याला एकच वाक्य वाचता यायला लागलं होतं, ते या लेखाचं शीर्षक आहे.

पण ड्रमरच्या दिवसातला सगळ्यांत मोठा भाग वाजवण्यात जात नाही. तो आवाज ‘बसवण्यात’ जातो. बाकीचे वादक चहाला गेलेले असतात. काचेमागून सूचना येते, ‘‘किक दे.’’ तो पायानं एक ठोका देतो. ‘‘देत राहा.’’ तो देत राहतो. किक म्हणजे बेस ड्रमचा एकच ठोका, तो अर्धा तास. तिकडे रेकॉर्डिस्ट डोळे मिटून एक बटण केसभर फिरवतो, परत आणतो. मग ‘‘स्नेअर दे.’’ पुन्हा अर्धा तास. मग आवाज फार घुमतो म्हणून ड्रमच्या पोटात काहीतरी कोंबायचं. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या जेफ एमेरिक या विशीतल्या रेकॉर्डिस्टनं रिंगो स्टारच्या बेस ड्रममध्ये एक लोकरी स्वेटर कोंबला आणि ड्रमचा आवाज कसा असावा याची जगाची कल्पना बदलून टाकली. मुंबईत स्वेटर कुठून आणायचा? इथे आईच्या जुन्या साडीची गोधडी गेली. आपण ज्याला दमदार बीट म्हणतो तो पुष्कळदा नऊवारी लुगड्यातून गाळून आलेला असतो.

स्नेअर घुमायला लागला तर त्यावर पैशाचं पाकीट ठेवायचं, हीसुद्धा जगभरच्या ड्रमरांची जुनी रीत. पाकीट भरलेलं असेल तर आवाज छान दबतो. रिकामं असेल तर उपयोग नाही. म्हणून जाणकार माणूस नुसत्या स्नेअरवरून सांगू शकतो की हे गाणं मागच्या गाण्याचे पैसे मिळायच्या आधी रेकॉर्ड झालंय की नंतर. आमच्या मित्राच्या सर्वोत्तम गाण्यांत स्नेअर खणखणीत घुमतो.

मग ते मशिन आलं. १९८० मध्ये रॉजर लिन या अमेरिकन माणसानं खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवून हवा तो ठेका वाजवणारं यंत्र विकायला काढलं. ते जेवत नाही, टॅक्सी मागत नाही, त्याला गोधडी लागत नाही. पाठोपाठ १९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड आला: ब्रीफकेसएवढ्या खोक्यावर आठ चौकोन, प्रत्येकात वाटेल तो आवाज. महाराष्ट्रानं ऑक्टोपॅडला असा काही जीव लावला की आज त्याच्याशिवाय ना ऑर्केस्ट्रा होतो, ना बँजो पार्टी, ना हळद. एका चौकोनात ढोलकी, दुसऱ्यात संबळ, तिसऱ्यात टाळ्या, चौथ्यात काच फुटल्याचा आवाज. हा चौथा आवाज कशासाठी असतो हे मला अजून कळलेलं नाही, पण तो प्रत्येक वरातीत एकदा तरी वाजतो. लुडविगनं १९०९ मध्ये दोघांना घरी पाठवलं होतं. उरलेल्या एकाची फाइल इथे पुढे सरकली.

स्टुडिओचे फोन विरळ झाले तसं मित्रानं काचेपलीकडे बघायला सुरुवात केली. तिकडे एसी कधीच बंद होत नसे. टेक असो, नसो. माणसाला उकडलेलं चालतं, यंत्राला चालत नाही. शिवाय तिकडच्या माणसाला काही उचलून न्यावं लागत नव्हतं. तो एका रेकॉर्डिस्टच्या हाताखाली राहिला, केबल गुंडाळायला शिकला (हे सोपं नाही, उलटसुलट गुंडाळलेल्या केबलवरून स्टुडिओंत मैत्र्या तुटलेल्या आहेत), आणि हळूहळू मोठ्या खुर्चीवर येऊन बसला. पहिल्याच दिवशी काचेतल्या पोरगेल्या ड्रमरकडे बघून त्यानं बटण दाबलं आणि माइकवर म्हणाला, ‘‘किक दे. देत राहा.’’ असं सुख त्याला आयुष्यात दुसऱ्या कशानं दिलं नाही, असं तो स्वतः सांगतो.

रेकॉर्डिस्ट म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावणं ड्रमरपेक्षाही कठीण. ड्रमर निदान हातवारे करून दाखवता येतो. ‘‘म्हणजे तू बटण दाबतोस?’’ ‘‘हो.’’ ‘‘आणि गाणारे गातात?’’ ‘‘हो.’’ ‘‘मग तुझं काय काम?’’ याला उत्तर नाही. मंगेश देसाई यांचं नाव किती मराठी घरांत माहीत असेल? परळच्या राजकमलमध्ये बसून या माणसानं ‘शोले’च्या आवाजांचं मिश्रण केलं. गब्बर येतो तेव्हाची ती झोपाळ्याची कुरकुर तुमच्या पोटात खड्डा पाडते, कारण कुणीतरी ती नेमकी तेवढीच ठेवली, बाकीचं सगळं खाली आणलं. ‘शोले’चे संवाद पाठ असलेली माणसं मला गल्लोगल्ली भेटलीत. कुरकुर पाठ असलेला अजून भेटायचाय.

रेकॉर्डिस्टच्या खोलीला खिडकी नसते. बाहेर पाऊस आहे की दंगल, हे चहावाल्या पोऱ्याच्या कपड्यांवरून ओळखायचं. त्या खोलीत गाणं ‘मिक्स’ होतं, म्हणजे प्रत्येक आवाज किती ठेवायचा ते ठरतं, आणि तिथे सगळे जमतात. गायकाचं म्हणणं असतं, आवाज जरा वाढवा. गीतकाराला शब्द स्पष्ट हवे असतात, म्हणजे आवाज वाढवायचा पण गायकाचा नाही, शब्दांचा. सतारिया नम्रपणे सांगतो की सतार ‘असली तर बरं’. निर्माता म्हणतो, थोडं पंजाबी वाटू दे. मेहुणा काही बोलत नाही, फक्त बेस वाढवायची खूण करतो. सगळ्यांचंच वाढवलं की कुणाचंच वाढत नाही, हा ध्वनिशास्त्राचा नियम त्या खोलीत सांगून चालत नाही. तो सांगणाऱ्याचं बिल कमी होतं. म्हणून या धंद्यात जगभर एक जुनी युक्ती आहे. कन्सोलवर एक बटण असं ठेवायचं की जे कशालाच जोडलेलं नाही. कुणी फार आग्रह धरला की गंभीर चेहऱ्यानं ते बटण थोडं फिरवायचं आणि विचारायचं, ‘‘आता?’’ समोरचा डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, ‘‘हां! आता जागेवर आलं.’’ मित्राच्या मते त्याच्या स्टुडिओतल्या दीडशे बटणांत सर्वांत उत्तम काम देणारं बटण हेच. फक्त ते मेहुण्याला द्यायचं नसतं. तो परत फिरवून बघतो.

एवढं करून तयार झालेलं गाणं निर्माता ऐकतो कशावर? मोबाइलवर. तोही स्टीलच्या पेल्यात उभा करून, आवाज मोठा यावा म्हणून. आणि फोन करून सांगतो, ‘‘व्होकल जरा डब्यातून आल्यासारखा वाटतोय.’’

दरम्यान स्टुडिओत संगणक येऊन बसला आणि चुका दुरुस्त करणं हाच मुख्य उद्योग झाला. सुरातून घसरलेला आवाज सुरात आणून बसवणारं ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींवरून तेल कुठे आहे ते हुडकण्याचं काम करत असे. जमिनीतलं तेल आणि काही गायकांच्या गळ्यातला सूर, दोन्हींसाठी एकच गणित लागावं यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. खोल दोन्हीकडे जावं लागतं, आणि दरवेळी हाती लागेलच असं नाही.

तालासाठी संगणकात दुसरी सोय आहे. वाजवलेले ठोके पडद्यावर उभ्या रेषांसारखे दिसतात. एक आज्ञा दिली की इकडेतिकडे झालेला प्रत्येक ठोका बरोबर रेषेवर जाऊन उभा राहतो. शाळेतल्या पीटीच्या सरांना स्वप्नात दिसावं असं दृश्य. पण मग सगळं इतकं बिनचूक होतं की ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. गाणं ‘मेलेलं’ वाटतं. त्यावरही उपाय आहे. त्याच संगणकात आणखी एक आज्ञा आहे जी ठोके पुन्हा किंचित पुढेमागे करते, काही थोडे जोरात, काही थोडे हलके, म्हणजे माणसानं वाजवल्यासारखं वाटावं. म्हणजे आधी माणूस आणायचा, त्याच्या चुका काढायच्या, मग माणूस काढायचा, आणि शेवटी चुका परत घालायच्या. आमचा मित्र तरुणपणी ज्या केसभर फरकासाठी बोलणी खायचा, तो फरक आता तासाच्या दरानं हातानं घालून देतो. आणि या कामात त्याच्याइतका हुशार कुणी नाही, कारण कुठली चूक कुठे शोभते हे त्यानं काचेच्या खोलीत घाम गाळून शिकलेलं आहे.

नावाचं म्हणाल, तर जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर नायकाचा फोटो असे, नायिकेचा असे, संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव. वादकांचा पत्ताच नाही. नाव गाजलेला एक वादक आहे: अँथनी गोन्साल्विस, गोव्याच्या माजोर्ड्याचे थोर व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्यानं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं नाव थेट गाण्यात घातलं. नाव घराघरांत पोचलं, आणि घराघरांत ते अमिताभचं म्हणून पोचलं.

परदेशात तरी बरं असेल म्हणावं तर अमेरिकेत ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमरनं १९६९ मध्ये एका गाण्यात मधल्या जागी सहा-सात सेकंद ड्रम वाजवले. पुढे तेवढा तुकडा कापून हजारो गाण्यांखाली वापरला गेला. संगीताचे काही प्रकारच्या प्रकार त्यावर उभे राहिले. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही, आणि २००६ मध्ये तो हलाखीत गेला. इथे विनोद सुचत नाही.

आपल्याकडे मात्र कायदा आहे, आणि तो विनोदी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ कुणाला म्हणायचं याची यादी १९९४ मध्ये घालण्यात आली. त्यात नट, गायक, वादक, नर्तक येतात. त्यांच्या मागोमाग कसरतपटू, चेंडू झेलणारा, जादूगार, गारुडी आणि भाषण देणारा येतो. म्हणजे ड्रमर आला, एकदाचा. पण २०१२ मध्ये त्याला एक शेपूट जोडलं गेलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, त्याला, एक हक्क वगळता, सादरकर्ता समजायचं नाही. आता ड्रमरचं काम किरकोळ आहे की नाही हे वकील ठरवतील, पण नावाचा मुद्दा स्वच्छ आहे: तुमचं नाव लावत नाहीत हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा. तो उरलेला एक हक्क म्हणजे तुमच्या सादरीकरणाची मोडतोड करून कुणी तुमची अब्रू घालवली तर दाद मागता येते. नाव नसलेल्या माणसाची अब्रू कशी जाते, याचा खुलासा कायद्यात नाही.

आणि रेकॉर्डिस्ट? त्याचं त्या यादीत नावच नाही. गारुडी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ज्याच्या टोपलीतला नाग काढून घेतला, त्या गारुड्याला कॉपीराइट कायद्यानं सादरकर्त्याचा मान दिलाय. आयुष्यभर बंद खोलीत बसून दुसऱ्यांचं सादरीकरण ऐकण्यासारखं करणाऱ्याला नाही. हे वाचून दाखवल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. मग पुंगीला माइक कुठला लावतात ते तो शोधायला लागला. सध्या तो पुंगी शिकायला तयार आहे, फी देईल, आणि सोसायटीतही कुणाची हरकत असणार नाही, कारण पुंगी ही संस्कृती आहे. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत पुंगी शिकवणारं कुणी असेल तर कळवावं. नाग नसला तरी चालेल.